ऐनवेळचे विषय

नोटिशीवर ग्रामसभेची वेळ सकाळी दहा अशी छापलेली असते. ती नेमकी कोणासाठी असते, हे आजवर एकाही गावाला सांगता आलेले नाही. दहा वाजता ग्रामपंचायतीचा शिपाई सतरंजी झटकत असतो. साडेदहाला माईकवाला येतो, 'हॅलो, हॅलो, माईक चेक' म्हणतो आणि राहिलेली वायर आणायला परत जातो. अकराला सरपंच डोकावतात. माणसे नाहीत म्हणून घरी जातात. सव्वाअकराला माणसे डोकावतात. सरपंच नाहीत म्हणून घरी जातात. या दोघांची गाठ घालून देणे हे ग्रामसेवकाचे खरे काम, पण त्याच्या कर्तव्यसूचीत ते कुठेच लिहिलेले नाही. (2024 साली सरकारने ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही दोन पदे एक करून 'ग्रामपंचायत अधिकारी' असे भारदस्त नाव दिले. गाव मात्र त्याला पूर्वीही 'भाऊसाहेब' म्हणत होते आणि आताही भाऊसाहेबच म्हणते. राग आला तर 'ओ भाऊसाहेब'.)

कायद्याने तसे काहीही वाऱ्यावर सोडलेले नाही. 73व्या घटनादुरुस्तीने, म्हणजे 24 एप्रिल 1993 पासून, ग्रामसभेला थेट राज्यघटनेत जागा मिळाली. राज्याचा ग्रामपंचायत अधिनियम तर त्याच्याही आधीचा, 1958चा. वर्षातून किमान चार सभा, सात दिवस आधी नोटीस, गावात दवंडी, नियमित सभेच्या आधी महिलांची वेगळी सभा, सगळे लिहून ठेवलेले आहे. गणपूर्तीसाठी मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100, यांतली जी संख्या कमी असेल तेवढी माणसे पुरतात. विधानसभेत बसायला निवडून यावे लागते. ग्रामसभेत बसायला मतदारयादीत नाव असले की झाले. इतक्या स्वस्तात मिळणाऱ्या सभागृहात शंभर माणसे का जमत नाहीत, याचा विचार करायला एक विशेष ग्रामसभा बोलवावी लागेल. तिलाही गणपूर्ती लागेल, ही अडचण आहे.

म्हणून मग माणसे जमवण्याऐवजी सह्या जमवतात.

हजेरीचे रजिस्टर ही गावातली सर्वात जास्त फिरणारी वस्तू. सकाळी ते दूध डेअरीवर असते, कारण तिथे रांग असते. नंतर ते सलूनमध्ये जाते, कारण तिथे बसलेल्या माणसाला तोंडाला साबण लावलेला असल्यामुळे नाही म्हणता येत नाही. 15 ऑगस्टची सभा असेल तर ते जिलेबीच्या पातेल्याशेजारी ठेवले जाते: आधी सही, मग जिलेबी. काही दूरदृष्टीची माणसे घरातल्या चौघांच्या सह्या करून चार जिलेब्या नेतात. दुपारी शिपाई रजिस्टर काखेत मारून वाड्यावस्त्यांवर निघतो.

"नाना, सही करा."

"कशावर?"

"ग्रामसभेच्या हजेरीवर."

"कवा हाय सभा?"

"चालू हाय."

"मग मी कुठं हाय?"

"तुम्ही सभेत हाय, नाना."

नानांनी शेळीचा दोर पायाखाली दाबून सही केली आणि पेन परत देताना विचारले, "मी काय बोललो-बिललो का तिथं?"

एवढे करूनही आकडा भरला नाही तर सभा तहकूब होते, आणि ग्रामसभेच्या नियमांतली खरी गोडी इथून पुढे सुरू होते. गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा पुन्हा भरली की तिला गणपूर्ती लागत नाही. म्हणजे पहिल्यांदा शंभर माणसे नसतील तर लोकशाहीला धोका. दुसऱ्यांदा सरपंच, भाऊसाहेब, शिपाई आणि सावलीला आलेले दोघे असले तरी लोकशाही ठणठणीत. नियम करणाऱ्याने गावकऱ्यांचा स्वभाव आधीच ओळखून ठेवला असावा. मुरलेले सरपंच तर पहिली सभा तहकूब होण्यासाठीच बोलावतात. तिची तारीख लग्नाच्या दाट मुहूर्तावर, ऊसतोडीच्या ऐन धांदलीत किंवा शेजारच्या गावच्या बैलगाडा शर्यतीच्या दिवशी पडते. विचारले तर म्हणतात, "तारीख वरून आली."

दवंडीचा मात्र कायापालट झाला आहे. हलगी वाजवत फिरणारा माणूस दुर्मिळ झाला. त्याची जागा देवळावरच्या कर्ण्याने आणि गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपने घेतली. ग्रुपवर अजेंड्याचा फोटो येतो तो हमखास तिरका, आणि त्यात भाऊसाहेबांचा अंगठा विषय क्रमांक तीनवर असतो. खाली प्रतिसादांची रांग लागते. पहिल्याला वाटते वाढदिवस आहे, तो शुभेच्छा देतो. दुसऱ्याला वाटते कोणी गेले, तो भावपूर्ण श्रद्धांजली वाहतो. तिसरा 'राम कृष्ण हरी' लिहून दोन्ही शक्यता सांभाळतो. संध्याकाळपर्यंत अजेंडा कांद्याच्या बाजारभावाखाली गाडला जातो. सभेच्या दिवशी "आम्हाला कळवलंच नाही" असे सर्वात मोठ्याने ओरडतो तो त्याच ग्रुपचा ॲडमिन असतो.

सभा सुरू होते ती 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे' या विषयाने. भाऊसाहेब वाचतात. कुठे श्वास घेतला तर तेवढ्या फटीत कोणी तरी प्रश्न घालेल, हे अनुभवाने माहीत असल्यामुळे ते श्वास घेत नाहीत. तरी एखादा चिवट निघतोच.

"थांबा. मागच्या टायमाला मी गटाराचं बोललो होतो. ते कुठंय?"

"ऐनवेळच्या विषयात घेतलंय."

"काय लिवलंय?"

"चर्चा झाली."

"मी तासभर भांडलो!"

"तेच ते. सविस्तर चर्चा झाली, असं करू का?"

'सविस्तर' हा एक शब्द वाढवून मिळाल्यावर चिवट माणूस समाधानाने खाली बसतो. गटार जागच्या जागी राहते.

मग पैशांचा विषय. 'आमचा गाव, आमचा विकास' आराखडा मंजूर करायचा असतो, आणि गावाच्या वर्षभराच्या कामांचे भवितव्य त्यात असते. हा विषय चहा येण्याच्या आधी निघतो आणि चहाचे कप गोळा होईपर्यंत संपलेला असतो. भाऊसाहेब बंधित आणि अबंधित निधी समजावून सांगायला लागले की लोक मोबाईल काढतात. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशांत 2021-22 पासून 60 टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेला बांधलेली होती. ती दुसरीकडे वळवता येत नव्हती. गावाला मात्र मारुतीपुढे सभामंडप हवा होता.

"सभामंडपाला बंधित पैसा चालत नाही."

"गटाराला चालतो ना?"

"चालतो."

"मग मंडपाखालून गटार दाखवा."

इतकी शीघ्र बुद्धी ज्या गावात आहे त्या गावाला विकास आराखडा समजत नाही, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. त्याला तो नीट समजतो. त्यात भांडायला काही नसते, एवढीच त्याची तक्रार.

भांडायला जे लागते ते 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय' या शेवटच्या ओळीत साठवलेले असते. लोक खरे तर एवढ्यासाठीच येतात. पहिल्या आठ विषयांना भिंतीला टेकून पेंगणारी सभा नवव्या विषयाला ताठ बसते. पारावरची मंडळी पान थुंकून आत येतात.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका गावात पाण्याच्या टाकीचे लाखोंचे काम हूं की चूं न होता मंजूर झाले आणि मग एक तात्या उभे राहिले.

"आमच्या दारचा दिवा बंद हाय."

सरपंच म्हणाले, "तात्या, परवाच एलईडी बसवलाय."

"बसवलाय. पण उजेड त्यांच्या दारात पडतो."

"दिव्याचा उजेड सगळीकडंच पडतो."

"पण तोंड तिकडं हाय त्याचं. मुद्दाम फिरवलंय."

'त्यांच्या' म्हणजे पलीकडच्या बाजूला बसलेल्या अण्णांच्या. अण्णा उठले. दिव्याचे तोंड पूर्वीपासून तिकडेच होते, अगदी साधा बल्ब होता तेव्हाही, असे त्यांचे म्हणणे. साध्या बल्बला तोंड नसते, असे तात्यांचे. इथून सभा विजेच्या इतिहासात शिरली, तिथून खांबाच्या जागेवर आली आणि खांबाच्या जागेवरून परसातल्या वहिवाटीवर. मग सगळ्यांच्या ध्यानात आले की दिवा हे निमित्त आहे. मूळ प्रश्न एका कवठाच्या झाडाचा आहे आणि ते झाड केव्हाच पडलेले आहे. तरी सभेने माघार घेतली नाही. दिव्याच्या तोंडाची समक्ष पाहणी करण्यासाठी त्रिसदस्य समिती नेमली. समिती लगेच निघाली, मागोमाग सभाही निघाली. दुपारचे दोन वाजले होते. लख्ख उन्हात खांबाखाली उभे राहून उजेड कुठे पडतो ते पाहताना कोणाच्या तरी लक्षात आले की हे काम रात्री करायला हवे. विषय तहकूब झाला. टाकी मंजूर व्हायला लागला त्याच्या कित्येक पट वेळ दिवा तहकूब व्हायला लागला होता.

प्रस्तुत लेखकही एकदा अशाच एका सभेत कचऱ्याच्या वर्गीकरणावर मुद्देसूद बोलायचे म्हणून टिपण घेऊन गेले होते. त्यांनी 'अध्यक्ष महोदय' म्हणून सुरुवात केली तेव्हा कोणी मागे वळूनही पाहिले नाही. सवयीने सगळ्यांना वाटले, माईक तपासतायत.

सरपंच महिला असतील तर रंगमंचाची मांडणी थोडी बदलते. महाराष्ट्रात 2011 पासून पंचायतींमध्ये महिलांना निम्म्या जागा राखीव आहेत, आणि जवळपास तितक्याच जागा त्यांच्या पतिराजांनी खुर्चीच्या बाजूला स्वतःसाठी राखून ठेवल्या आहेत. हे गृहस्थ सभेचे सदस्य म्हणून बसतात, अध्यक्ष म्हणून बोलतात आणि तक्रार आली की नातेवाईक म्हणून उठून जातात. नातेवाइकांनी कारभारात लुडबुड करू नये, अशी सरकारी सूचना एका गावात आली, तेव्हा ती सभेला खणखणीत आवाजात वाचून दाखवली ती सरपंचबाईंच्या यजमानांनी. वाचून झाल्यावर त्यांनीच विचारले, "कुणाला काही शंका?"

याउलट आधी होणारी महिला सभा पाहावी. तिथे पाणी, दारू, शाळेचे स्वच्छतागृह आणि रेशन हे चार विषय झपाट्याने निघतात आणि मिटतात, कारण सगळ्यांच्या घरी चुलीवर काही तरी ठेवलेले असते. सभा आटोपशीर कशी घ्यावी याचे प्रशिक्षण द्यायचेच असेल, तर 'यशदा' या सरकारी प्रशिक्षण संस्थेतल्या वर्गाआधी हा वर्ग दाखवावा. दारूबंदीची मागणी पुढे सरकली की मतदान होते. त्यात मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. दुकान बंद करायचे असेल तर आडवीवर शिक्का. इतकी स्पष्ट मतपत्रिका देशात दुसऱ्या कोणत्याही निवडणुकीत मिळत नाही. तरीही प्रचार होतोच, आणि उभ्या बाटलीचे कार्यकर्ते संध्याकाळनंतर आडवे सापडतात.

पण ऐनवेळच्या सगळ्या विषयांचा राजा म्हणजे तंटामुक्ती. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम 15 ऑगस्ट 2007 रोजी सुरू झाली. गावातली भांडणे गावातच सामोपचाराने मिटवायची, कोर्टकचेऱ्या टाळायच्या. कल्पना चोख होती आणि अनेक गावांनी तिच्या जोरावर बक्षिसेही आणली. फक्त एक बारकी गोष्ट राहिली. या समितीचा अध्यक्ष ग्रामसभेत निवडायचा असतो.

अध्यक्ष गावात सर्वांना मान्य असणारा असावा, अशी अपेक्षा. असा माणूस गावात एकच असतो आणि त्याने पद नको म्हणून सांगितलेले असते. मग दोन नावे पुढे येतात. दोन्ही नावांमागे गट असतात. दोन्ही गटांना मागच्या पंचायत निवडणुकीतले काही तरी आठवत असते. हात वर करून मतदान घ्यायचे ठरते. एकाच माणसाचे दोन हात मोजले, असा आरोप होतो. वर केलेल्या हातांपैकी काही मग खाली येण्याऐवजी पुढे येतात. वर्तमानपत्रांच्या तालुक्याच्या पानावर ही बातमी हंगामी पिकासारखी येत राहते: तंटामुक्ती अध्यक्षपदावरून दोन गटांत हाणामारी, परस्परविरोधी तक्रारी दाखल. मजकुरात शेवटी पोलीस बंदोबस्ताचा उल्लेख असतो. एका गावात तर निवड बिनविरोध झाल्यावर अध्यक्षांनी हाती घेतलेला पहिला तंटा स्वतःच्या निवडीवेळचा होता, आणि दोन्ही बाजूंचे जामीनदार समितीचेच सदस्य होते.

हे सगळे वाचून ग्रामसभा म्हणजे निव्वळ तमाशा, असे शहरातल्या कोणाला वाटले तर त्याने आपल्या सोसायटीची वार्षिक सभा आठवावी आणि पार्किंगचा विषय निघाला की काय होते तेही आठवावे. शिवाय ग्रामसभा मनावर घेते तेव्हा चमत्कार घडतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने 4 मे 2022 रोजी विधवांचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे बंद करण्याचा ठराव केला, आणि 17 मेला राज्य सरकारने इतर गावांनी हा कित्ता गिरवावा म्हणून कागद काढला. गावाचा ठराव आणि सरकारचा कागद यांत तेरा दिवस. मंत्रालयाच्या वेगाचा अंदाज असलेल्या माणसाने हा आकडा पुन्हा एकदा वाचावा. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने त्याच वर्षी संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजवून टीव्ही आणि मोबाईल दीड तास बंद ठेवण्याचा पायंडा पाडला. माणसांना सभेला वेळेवर आणणे जमत नाही अशा मुलुखात एका गावाने माणसांना मालिकेवरून उठवले.

आणि गडचिरोलीतले मेंढा (लेखा). पाचशेच्या आतबाहेर वस्तीचे गोंड गाव. तिथे मतदान घेऊन बहुमताने निर्णय करत नाहीत. सर्वांचे एकमत होईपर्यंत विषय चर्चेत राहतो. इतर गावांत तहकुबी ही पळवाट, इथे तीच पद्धत. एकाचेही समाधान नसेल तर पुढच्या वेळी पुन्हा बसायचे. वनहक्क कायद्याखाली या गावाला 2009 मध्ये सामूहिक हक्क मिळाले. एप्रिल 2011 मध्ये केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि बांबूच्या वाहतूक पासांचे पुस्तक ग्रामसभेच्या हवाली झाले. एरवी पाससाठी माणूस खात्याकडे हेलपाटे घालतो. इथे पास घेऊन मंत्री ग्रामसभेकडे आले. आता मेंढ्याचे उदाहरण दुसऱ्या गावातल्या ग्रामसभेत दिले की मागून हमखास आवाज येतो, "तिथं माणसं कमी हायत." आपल्याकडे माणसे जास्त असल्याचा साक्षात्कार गावाला फक्त या क्षणी होतो, गणपूर्ती मोजताना होत नाही.

राहता राहिले इतिवृत्त. ग्रामसभेत जे बोलले जाते आणि प्रोसिडिंगच्या पुस्तकात जे उतरते, त्या दोन वेगळ्या सभा असतात. पहिली पारावर ऐकू जाते, दुसरी पंचायत समितीत. पहिलीत कोणी कोणाचा बाप काढलेला असतो. दुसरीत 'काही ग्रामस्थांनी आपली मते मांडली'. पहिलीत सूचक चप्पल शोधत असतो आणि अनुमोदक कधीच घरी गेलेला असतो. दुसरीत ठराव सर्वानुमते मंजूर असतो. हा अनुवाद भाऊसाहेब रात्री निवांत करतात. गावातला एकोपा टिकून आहे तो बऱ्याच अंशी त्यांच्या हस्ताक्षरात.

या व्यवस्थेवर आता मोठेच संकट आले आहे. 14 ऑगस्ट 2025 रोजी केंद्रीय पंचायतराज मंत्रालयाने 'सभासार' नावाचे साधन आणले. सभेचे ध्वनिमुद्रण किंवा चित्रीकरण त्याला द्यायचे आणि कृत्रिम बुद्धिमत्ता त्यातून इतिवृत्त तयार करून देणार. दिल्लीच्या दृष्टीने ही सोय आहे. पण यंत्राने ऐनवेळच्या विषयांचे काय करायचे? 'ठराव क्र. 9: तू खाली बस, तुझ्या चुलत्यानं गटार बुजवलं. सूचक: मागून कोणी तरी. अनुमोदक: चहावाला. विरोधात: एक कुत्रे.' खाली टीप की चाळीस मिनिटे सर्व सदस्य एकाच वेळी बोलत असल्याने मतभेदाचे स्वरूप कळू शकले नाही.

ही बातमी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर पोहोचली तेव्हा सरपंच गंभीर झाले.

"म्हणजे भाऊसाहेब, बोलू तेच लिहिणार का ते?"

"तेच."

"आन तुम्ही दुरुस्त नाही करायचं?"

"करायचं. पण मूळ तिथं राहणार."

ओट्यावर शांतता पसरली. मागच्या सभेत आपण नेमके काय काय बोललो, याची जो तो मनात उजळणी करत होता. नानांनी बराच विचार करून विचारले, "जे आलेच नाहीत, नुसती सही केली, त्यांचं काय लिहील ते यंत्र?"

"त्यांचा आवाजच नाही तर काय लिहिणार? काही नाही."

"मग बेस हाय," नाना म्हणाले. "आना ते रजिस्टर, पुढच्या सभेची सही आताच करून ठेवतो."